शेतकऱ्याचं दहावं मूल ते मिलानचा कॅफेवाला : कडू लाल पेयाला नाव देणारे गास्पारे कांपारी

लाटंबार्से : फेब्रुवारी सरत आला की लाटंबार्से, कासारपाल, नानोडा या भागात काजूच्या बागांतून पिकल्या बोंडूंचा वास सुटतो. भट्ट्या पेटतात, घरोघरी हुर्राकाची बाटली येते. ग्लासात बर्फ, त्यावर हुर्राक, लिंबू, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वरून सोडा. ही तयारी इथे कुणाला शिकवावी लागत नाही.

गेल्या काही वर्षांत गोव्याच्या किनारपट्टीवरच्या हॉटेलांत मात्र दुसराच एक ग्लास दिसू लागलाय. मोठ्या पोटाचा, बर्फाने भरलेला, नारिंगी-लाल रंगाचा, वर संत्र्याची चकती. हे इटलीचं स्प्रिट्झ. जेवणाआधी भूक उघडावी म्हणून प्यायचं, चवीला कडू-गोड आणि फसफसणारं. या कडू लाल पेयांना घरोघरी पोचवणाऱ्यांत सर्वात मोठं नाव आहे गास्पारे कांपारी यांचं. त्यांच्या आयुष्याची गोष्ट सीमाभागातल्या वाचकांना ओळखीची वाटेल, कारण हा माणूसही सीमेवरच्याच गावात जन्माला आला होता.

नदीपलीकडे दुसरं राज्य

गास्पारे यांचा जन्म 1828 सालचा, उत्तर इटलीतल्या कासोल्नोवो गावातला. शेतकऱ्याचं घर आणि दहावं मूल. तेव्हा इटली नावाचा एक देश नव्हता. कासोल्नोवो सार्डिनियाच्या राजाकडे, म्हणजे पिएमोंते राज्यात. थोड्याच अंतरावर तिचिनो नदी, आणि नदीपलीकडचं मिलान ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे. बोली जवळपास सारखी, शेती सारखी, पण मध्ये सरहद्द आणि जकात. 1961 च्या आधी दोडामार्गच्या वाटेने गोव्यात ये-जा केलेल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दहा भावंडांत जमिनीचा तुकडा किती वाट्याला येणार? चौदाव्या वर्षी गास्पारे गाव सोडून तुरीनला गेला. तुरीन ही राज्याची राजधानी. 1786 मध्ये कार्पानो यांनी आपली व्हर्मुथ, म्हणजे मसाले आणि कडू वनस्पती घातलेली वाईन, याच शहरात विकायला काढली होती. त्यामुळे शहरात मद्य मुरवणाऱ्यांची मोठी परंपरा होती. बास यांच्या प्रसिद्ध दुकानात गास्पारे कामाला लागला. कामाची सुरुवात भांडी घासणं आणि गिऱ्हाइकांना पेले नेऊन देणं इथूनच. हळूहळू तो कारागिरांच्या हाताखाली गेला आणि कुठली मुळी किती दिवस भिजवायची, कुठली साल कधी काढायची, साखर किती, स्पिरिट किती, हे शिकला. पुढे याच कामात तो तरबेज झाला.

नोवारा, 1860

हातात विद्या आली, पण दुकान दुसऱ्याचं. म्हणून गास्पारे नोवारा गावी आले आणि तिथे स्वतःचा धंदा मांडला. नोवारा हेही सीमेजवळचंच गाव. 1849 मध्ये ऑस्ट्रियाने पिएमोंतेच्या सैन्याचा मोठा पराभव केला तो याच गावाजवळ.

दुकानात ते नवनवी मद्यं तयार करून बघत. त्यातलं एक नशीब उघडणारं ठरलं. 1860 साली त्यांनी जे लाल रंगाचं कडू मद्य विकायला काढलं, त्याचं आधीचं नाव हॉलंडच्या पद्धतीचं बिटर असं होतं. परदेशी नावाला तेव्हाही गिऱ्हाईक होतं! त्यात कडू वनस्पती, सुगंधी मुळ्या, फळांच्या साली असं बरंच काही. नेमकी कृती आजही गुप्त आहे. लाल रंग मात्र कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला असे. 2006 मध्ये कंपनीने तो वापरणं थांबवलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कडू औषध भुकेसाठी घेणं हे काही नवीन नव्हतं. आपल्याकडेही किराईताचा काढा आजी पाजतच असे. गास्पारे यांनी तो कडूपणा औषधाच्या कपाटातून काढून कॅफेच्या टेबलावर आणला.

सीमा गेली, बाजार उघडला

1859 च्या युद्धात चित्र पालटलं. ऑस्ट्रिया हरला आणि मिलानसकट लोंबार्दी प्रांत पिएमोंतेला जोडला गेला. तिचिनोवरची सरहद्द पुसली गेली. गास्पारे यांचं कासोल्नोवोही प्रशासनाच्या फेररचनेत पाविया प्रांतात, म्हणजे लोंबार्दीत गेलं. माणूस जिथल्या तिथे आणि गावाचा पत्ता बदललेला, हा अनुभव आपल्या भागातही नवा नाही. 1861 मध्ये इटलीचं राज्य जाहीर झालं.

नोवाराहून मिलान साधारण 50 किलोमीटर. गास्पारे यांनी संधी ओळखली आणि 1862 मध्ये मिलानला बिऱ्हाड हलवलं. कॅथेड्रलसमोरच्या जुन्या इमारतीच्या कमानींखाली त्यांनी दुकान थाटलं. जागा मोक्याची, गिऱ्हाईक चांगलं. पण दोनच वर्षांत ती इमारतच पाडायचं ठरलं. तिथे नवा चौक आणि काचेच्या छताची भव्य बाजारपेठ व्हायची होती.

बसलेला धंदा उठणं म्हणजे काय, हे रस्तारुंदीत दुकान गेलेल्याला विचारावं. गास्पारे मात्र शहर सोडून गेले नाहीत. जी नवी बाजारपेठ त्यांच्या मुळावर आली होती, त्याच गॅलेरिया व्हित्तोरियो एमान्युएलेमध्ये त्यांनी गाळा घेतला. 1867 मध्ये गॅलेरियाचं उद्घाटन झालं आणि कांपारी यांचं कॅफेही सुरू झालं. कुटुंब राहायला तिथेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचा मुलगा दाविदे जन्मला. गॅलेरियात जन्मलेलं हे पहिलं मूल.

पुढची पंधरा वर्षं गास्पारे यांनी हे कॅफे नावारूपाला आणलं. संध्याकाळी जेवणाआधी इथे येऊन लाल पेला घेणं ही मिलानची सवय झाली. लोक हॉलंड विसरले, कांपारीचं बिटर म्हणू लागले. 1882 मध्ये गास्पारे वारले. वय पन्नाशीच्या थोडं पुढे.

लेतित्सियाने सांभाळलेला गल्ला

अशा वेळी बरेच धंदे बसतात. इथे पत्नी लेतित्सिया यांनी कारभार हाती घेतला आणि मुलं कर्ती होईपर्यंत चालवला. पुढे दाविदेने 1904 मध्ये मिलानजवळच्या सेस्तो सान जोव्हान्नीत कारखाना काढला. 1915 मध्ये गॅलेरियातच कांपारिनो हा बार उघडला. तिथे थंडगार सोडा सतत नळाने येईल अशी सोय होती. कडू लाल मद्य आणि फसफसता सोडा ही जोडी तिथे पक्की झाली. 1932 मध्ये कांपारी सोडा हे तयार मिश्रण छोट्या बाटलीत आलं. उलट्या पेल्यासारखी दिसणारी ती बाटली फोर्तुनातो देपेरो या चित्रकाराच्या डोक्यातून निघाली.

स्प्रिट्झची गोष्ट याच्या शेजारची. व्हेनिसच्या भागात ऑस्ट्रियाची सत्ता असताना तिथल्या सैनिकांना स्थानिक वाईन जड जाई, म्हणून ते त्यात पाणी शिंपडून घेत, असं सांगतात. शिंपडणं या जर्मन शब्दावरून नाव पडलं स्प्रिट्झ. पुढे पाण्याच्या जागी सोडा आला, मग कडू मद्य आलं. 1919 मध्ये बार्बिएरी बंधूंनी पादुआत अपेरोल काढलं, ते कांपारीपेक्षा सौम्य, 11 टक्के अल्कोहोलचं. 2003 मध्ये अपेरोलही कांपारी कंपनीने विकत घेतलं.

घरी करायचं तर

प्रमाण सोपं आहे : तीन, दोन, एक. मोठा वाईनग्लास बर्फाने काठोकाठ भरावा. आधी 90 मिली प्रोसेको, म्हणजे इटलीची फसफसणारी वाईन. मग 60 मिली अपेरोल. वरून 30 मिली थंड सोडा. चमच्याने एकदाच हलकेच ढवळावं, जास्त ढवळलं तर फेस मरतो. संत्र्याची चकती टाकावी. अपेरोलऐवजी कांपारी घेतल्यास पेय जास्त कडू आणि कडक होतं, तेव्हा कांपारी थोडं कमीच घालावं. बर्फ कमी पडला की तो लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं, हे मात्र विसरू नये.

दारू न घेणाऱ्यांसाठी : संत्र्याची साल आतल्या थोड्या पांढऱ्या भागासकट साखरेच्या पाकात उकळून गार करावी, त्यात बिनमिठाचं कोकम आणि वर गोटी सोडा. रंग लाल, चव कडू-आंबट, आणि गाडीही चालवता येते.

आणि सीमेपलीकडच्या वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं : गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे. तिचिनोवरची सरहद्द पुसली गेली, दोडामार्गचा तपासणी नाका अजून उभा आहे.

बाटलीवरचं नाव

काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेणीचं नाव जपलं गेलं, हे चांगलंच झालं. पण बागेत वाकून बोंडू वेचणारी बाई आणि रात्रभर भट्टीपुढे बसणारा माणूस, यांची नावं बहुतेक बाटल्यांवर नसतात. हुर्राक तर अनेकदा दुसऱ्याच कुठल्यातरी रिकाम्या बाटलीत भरून विकला जातो, त्यावर आधीच्याच कंपनीचं लेबल. गास्पारेही सुरुवातीला दुसऱ्याच देशाचं नाव लावून विकत होते. गिऱ्हाइकांनी त्यांचं नाव घ्यायला सुरुवात केली, आणि घरच्यांनी ते बाटलीवरून उतरू दिलं नाही. लाटंबार्शाच्या भट्टीवर यंदाचा पहिला हुर्राक उतरेल, तेव्हा तो कुणाच्या हातचा आहे हे गावाला चवीवरून कळेल. गावाबाहेरच्या गिऱ्हाइकाला कळायला मात्र बाटलीवर नाव लागेल.