गणितज्ञ दामोदर कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्यांचे वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर पंडित होते. १९१८ साली वडिलांबरोबर दामोदर अमेरिकेस गेले. १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते स्वदेशी परतले. काशी व अलीगढ येथे काही काळ अध्यापन केल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

मुलांनो, तेथे त्यांनी सोडविलेला एक प्रश्न समजण्यासाठी आपण प्रथम दोन साधे प्रयोग करू. नाणे उडविले आणि छापा पडला. पुन्हा उडविले, तरी छाप्याचा संभव पूर्वीइतकाच, म्हणजे निम्मा असतो. अशा घटना परस्परांपासून स्वतंत्र होत. आता पिशवीत दोन तांबड्या व दोन पांढऱ्या गोट्या ठेवा. पहिली गोटी तांबडी निघाली आणि ती परत टाकली नाही, तर उरलेल्या तीन गोट्यांत तांबडी एकच राहते. तांबडीचा संभव निम्म्यावरून एक तृतीयांशावर येतो. येथे दुसरी घटना पहिलीवर अवलंबून आहे.

हाच भेद कोसंबींनी सजीवसृष्टीत पाहिला. आईबापांचे गुण संततीत नेणारी जनुके गुणसूत्र नावाच्या सूक्ष्म धाग्यावर मण्यांप्रमाणे ओळीने असतात. प्रजननपेशी तयार होताना जोडीचे धागे मधून मधून आपले तुकडे बदलून घेतात. अशी अदलाबदल किती वेळा दिसते, यावरून दोन मण्यांतील अंतर काढता येते. पण त्यांच्यामध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर पहिली झाकली जाते आणि हिशेब चुकतो. ही चूक सुधारण्यासाठी हॉल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ साली एक सूत्र दिले. त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात मात्र एके ठिकाणी अदलाबदल झाली, की तिच्या जवळपास दुसरी होण्याचा संभव कमी होतो. अंतर वाढेल तसतसा हा परिणाम ओसरतो. हे अवलंबन ध्यानात घेऊन कोसंबींनी १९४४ साली नवे सूत्र प्रसिद्ध केले.

१९४५ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. प्राचीन नाणी तोलून, ती वापरात किती झिजली याचा अभ्यासही त्यांनी चिकाटीने केला. त्यांचे सारेच यत्न सफल झाले असे नाही. मूळ संख्यांविषयीचा एक अतिकठीण प्रश्न संभाव्यतेच्या मार्गाने सुटल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही. तरीही त्यांचा व्यासंग अखेरपर्यंत खंडित झाला नाही. २९ जून १९६६ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावच्या शिवारात डोलणारे सोयाबीन असो, की कोकणातील भात असो, अशा पिकांच्या जनुकांचे नकाशे तयार करताना शास्त्रज्ञ आजही कोसंबींचे सूत्र वापरतात. दोन घटना स्वतंत्र आहेत असे मानणे सोपे असते. त्या खरोखर तशा आहेत काय, हे तपासून पाहणे हे शास्त्रज्ञाचे काम. कोसंबींनी ते केले.