बंदूक न घेता अस्वलामागे जाणारा माणूस

आमचे गाव ताडोबाच्या जंगलाला लागून आहे. मी लहान असताना चैत्रातल्या एका पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या माझ्या मामांवर अस्वल धावून आले. जीव वाचला, पण डावा डोळा गेला. तेव्हापासून अस्वल म्हणजे माणसाचे वैरी, असेच मी घरी ऐकत आलो. म्हणून ग्रंथालयात एनॉस मिल्स यांचे अस्वलांवरचे पुस्तक हाती आले, तेव्हा ते मी कुतूहलापेक्षा रागानेच उघडले.

मिल्स यांचा जन्म १८७० साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात झाला. प्रकृती नाजूक, म्हणून चौदाव्या वर्षी घर सोडून ते कोलोरॅडोतील रॉकी पर्वतात आले. लाँग्ज पीक या शिखराच्या पायथ्याशी त्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडी खोपटे उभारले. हिवाळ्यात माँटानातील तांब्याच्या खाणीत राबायचे आणि उन्हाळ्यात डोंगर पालथे घालायचे, असा त्यांचा क्रम होता. १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनारी निसर्गाभ्यासक जॉन म्यूर यांची गाठ पडली आणि या भटकंतीला ध्येय मिळाले.

त्या काळी ग्रिझली अस्वल दिसले की गोळी घालायची, हाच रिवाज होता. मिल्स मात्र बंदूक न घेता त्याच्या मागावर जात. पाऊलखुणा वाचून ते काय खाते, कुठे थबकते, हिवाळी झोपेसाठी कुठे शिरते, हे टिपून ठेवीत. एकदा तर खुणांवरून त्यांना कळले की अस्वलच वळसा घालून आपल्या मागे येत आहे! पण त्याने हल्ला केला नाही. आई मारली गेल्याने पोरकी झालेली दोन पिल्ले, जॉनी आणि जेनी, त्यांनी घरी आणून वाढवली. पुढे जॉनी डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात गेला.

हे सारे त्यांनी १९१९ साली पुस्तकात मांडले. ग्रिझली माणसाला टाळते. जखमी झाले, कोंडीत सापडले किंवा पिल्ले जवळ असली तरच ते उलटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मिल्स यांच्यापाशी डोळे, पाय आणि चिकाटी एवढीच साधने होती. ग्रिझलीच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधून शास्त्रज्ञांनी तिचा माग काढला, तो १९६१ साली, यलोस्टोनमध्ये.

लेख लिहून आणि गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी राष्ट्रीय उद्यानाची मागणी लावून धरली. १९१५ मध्ये रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९२२ साली, अवघ्या बावन्नाव्या वर्षी, मिल्स वारले. पण दैवाचा खेळ असा की त्या उद्यानात आज एकही ग्रिझली नाही. कोलोरॅडोतील शेवटची ज्ञात ग्रिझली १९७९ साली मारली गेली. जंगल राखले गेले. पण अस्वलाबद्दलची भीती वेळेवर गेली नाही.

मिल्स यांचे सारेच म्हणणे आपल्या अस्वलाला लागू पडेल, असे मला वाटत नाही. आपले अस्वल जवळून दचकले तर पळण्याऐवजी अंगावर येते, हे आमच्या गावाला सांगावे लागत नाही. आणि मोहफुलांवर ज्यांची चूल पेटते, त्यांना जंगलात जाऊ नका असे कोणत्या तोंडाने सांगणार?

तरी पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. दिवाळीच्या सुटीत मी मामांना प्रथमच विचारले, त्या पहाटे नेमके काय झाले होते? ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितले, अंधार होता, ते एकटेच होते, खाली वाकून फुले वेचीत होते, आणि अस्वलाच्या पाठीवर पिल्लू होते. इतक्या वर्षांत हे आम्हांला का सांगितले नाही, असे विचारले तर म्हणाले की कोणी विचारलेच नाही.

आता मामांच्या घरची माणसे उजाडल्यावरच, चौघे-पाच मिळून, मोठ्याने बोलत मोहाखाली जातात. मामांचा राग गेलेला नाही. तो जावा असे मी म्हणतही नाही. पण ते पिल्लू जगले असेल का, असे परवा त्यांनीच मला विचारले.