पंडिता रमाबाई : रोजच्या कामातली भक्ती

पंडिता रमाबाईंचे नाव शाळेत आपण सर्वांनीच ऐकलेले असते, पण ते समाजसुधारकांच्या यादीत. यादीतले नाव परीक्षेपुरते लक्षात राहते. मी दौंड तालुक्यातली. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावला त्यांचे मुक्ती मिशन आहे, त्यामुळे त्यांचे चरित्र जरा कुतूहलाने वाचले. वाचताना एक गोष्ट खटकली. काहीजण बाईंचे समाजकार्य वाखाणतात आणि त्यांचा ख्रिस्ती धर्म हळूच बाजूला सारतात. काहीजण नेमके उलट करतात. मला तर ही दोन्ही एकच वाटली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्री-पंडितांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडले. रमेला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. पण दुष्काळ आला तेव्हा त्यांपैकी एकही पोटाला उपयोगी पडला नाही. आई, वडील, बहीण अन्नावाचून गेली. आईला उचलायला चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमा. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला. ज्या देवासाठी इतकी उपासतापास केली तो अशा वेळी कुठे असतो, हा प्रश्न या मुलीला पुस्तकातून पडलेला नव्हता!

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील बंगाली वकिलाशी तिने नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ मध्ये पटकीने पती गेले. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहम येथील आपले एक गृह दाखवले होते. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळत. असे वागायला या बायकांना कोण शिकवतो, याचा शोध घेताना त्या येशू आणि शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीपाशी पोहोचल्या. म्हणजे सिद्धांत नंतर पटले, वागणूक आधी दिसली. मात्र बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी मान तुकवली नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. चर्चच्या अधिकाराविषयी त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घातला. माझ्या मते या हट्टी बाईंचे देवाशी नाते जास्त खरे होते. माणसांना खूष करण्याची त्यांना सवयच नव्हती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले, पुढे ते पुण्यास आले. बाई स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडे असे, आणि मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी होती असे मला म्हणवत नाही, पण बाईंना दार लावून घेणेही शक्य नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. १९०० च्या सुमारास तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार! आमच्या घरी सहा माणसांच्या भाकरी थापता थापता आईची सकाळ सरते, म्हणून मला या आकड्याची धडकी भरली. विहिरी, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, माग, छापखाना, सगळे बायकांच्याच हाती. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवत. फुलहमला पाहिले होते तसे गृहही निघाले. त्याचे नाव कृपा सदन. प्रार्थना होतीच, पण ती दळण, पाणी आणि आजाऱ्यांची घाण काढणे यांच्या मधोमध.

शेवटची अनेक वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर होते. चार अक्षरे नुकतीच शिकलेल्या बाईला ते कळेना. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे न कळणारे मराठी म्हणजे काय ते मला सांगावे लागत नाही. संस्कृतची ही पंडिता साध्या मराठीसाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. मुळाला घट्ट धरून राहण्याच्या आग्रहापायी ती भाषा कुठे कुठे अडखळते, असे जाणकार म्हणतात. १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या बायकांचे होते.