बाबासाहेब आणि न्याय्य प्रक्रियेचा प्रश्न

कायद्याची रीत पाळली, म्हणजे माणसाचे स्वातंत्र्य हिरावणे न्याय्य ठरते काय? अमेरिकेत आजही गाजणारा हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढेही होता. १८९१ मध्ये महू येथे जन्मलेले आणि शाळेत अस्पृश्य म्हणून वेगळे बसवले गेलेले भीमराव १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. अमेरिकेच्या १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतील समान संरक्षणाचे तत्त्व आपल्या अनुच्छेद १४ मध्ये आले. त्याच दुरुस्तीतील न्याय्य प्रक्रियेची हमी मात्र वगळली गेली. ही उणीव बाबासाहेबांना सलत होती. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी अटकेचे कारण कळवणे, वकिलाचा सल्ला आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजेरी ही कवचे घटनेत घातली. पूर्वी निजामाच्या अमलाखाली असलेल्या सीमाभागातील कोहिनूरसारख्या गावांना १९५० मध्ये, तर गोव्याला मुक्तीनंतर हे संरक्षण लाभले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९७८ मध्ये मेनका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियाही न्याय्य असली पाहिजे, असा निर्वाळा दिला आणि ती उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली.