‘जारक’ आणि डॉ. रघुवीर

ऑक्सिजनला ‘जारक’ आणि कार्बन डायऑक्साइडला ‘प्रांगार द्विजारेय’ म्हटले, तर धाराशिव जिल्ह्यातील विज्ञानाचे विद्यार्थीच काय, शिक्षकही बुचकळ्यात पडतील. हे शब्द रूढ करू पाहणारे कोशकार डॉ. रघुवीर यांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ रोजी रावळपिंडीत झाला. संस्कृतचे हे व्यासंगी पंडित पुढे लाहोरहून नागपूरला आले. मध्य प्रांत व वऱ्हाडातून ते संविधान सभेचे सदस्य झाले. त्यांच्या पारिभाषिक कोशांचे कार्य नागपुरातच बहरले.

‘जीर्ण’ शब्द ज्या ‘जॄ’ धातूपासून झाला, त्याच कुळातला ‘जारक’. पाऱ्यात गंधक पचविण्याच्या क्रियेला प्राचीन रसशास्त्रात ‘जारण’ म्हणत. ‘प्रांगार’मध्ये ‘अंगार’, म्हणजे निखारा आहे. एका प्रांगाराला दोन जारक जोडले, की झाले ‘प्रांगार द्विजारेय’. नावातूनच पदार्थाची घटना उलगडावी, हा त्यामागील विचार. उलट ‘ऑक्सिजन’चा मूळ ग्रीक अर्थ आम्लजनक. प्रत्येक आम्लात तो असतो, हा लव्हॉझिएचा समज पुढे चुकीचा ठरला. तरीही तोच शब्द जगभर रुळला. मराठी पाठ्यपुस्तकांनीही तो स्वीकारला. ‘जारक’ कोशातच राहिला.

१४ मे १९६३ रोजी कानपूरजवळ मोटार अपघातात डॉ. रघुवीर यांचे निधन झाले. त्या वेळी ते भारतीय जनसंघाचे अध्यक्ष होते. त्यांचे अनेक शब्द विस्मृतीत गेले. मात्र आपल्या भाषेत विज्ञान कोणत्या शब्दांत सांगावे, हा त्यांचा प्रश्न मराठी वर्गात आजही कायम आहे.