ज्ञानकोशकार डॉ. केतकर : समूहाचा अभ्यासक

माणसाला दुसऱ्याचे म्हणणे कसे पटते, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नवा नाही. विक्रयकला आणि जाहिरात हे विषय आपण परीक्षेपुरते पाठ करतो. परंतु बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यासारख्या पेठेत वाढलेल्या मुलाला त्याचे पहिले पाठ दुकानाच्या फळीवरच मिळतात. तेथे एकच दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, दुसऱ्याशी हिंदीत, तिसऱ्याशी गुजरातीत. माल तोच, भावही तोच. पण समोरचा माणूस कोणत्या समूहातून आला आहे हे ओळखल्याशिवाय बोलणे पुढे सरकत नाही. माणूस एकटा ऐकत नाही, आपल्या समूहासह ऐकतो. ही साधी गोष्ट शास्त्र म्हणून अभ्यासणारा आणि पुढे तिच्या कसोटीला स्वतःचे आयुष्य लावणारा एक मराठी विद्वान होऊन गेला. ते म्हणजे ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. त्या काळी रायपूर आणि आमचे बऱ्हाणपूर ही दोन्ही गावे मध्यप्रांतात होती. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण अमरावतीस झाले. नंतर मुंबईच्या विल्सन कॉलेजात काही काळ शिकून १९०६ साली ते अमेरिकेस गेले. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राचा व्यासंग केला आणि १९११ मध्ये डॉक्टरेट मिळविली. परदेशी जाणारे बहुतेक तरुण कायदा किंवा वैद्यक शिकून येत, त्या काळात हा तरुण आपल्याच समाजाचा अभ्यास करण्यासाठी सातासमुद्रापलीकडे गेला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीचा आधार घेऊन इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाज कसा होता, हे त्यांनी त्यात तपासले. जात म्हणजे काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर अगदी मोजके आहे. ज्या समूहात केवळ जन्मानेच प्रवेश मिळतो आणि ज्यातील माणसांना समूहाबाहेर विवाह करण्यास सक्त मनाई असते, तो समूह म्हणजे जात. रंग, धंदा किंवा वंश यांवर भर देणाऱ्या युरोपीय पंडितांपेक्षा ही दृष्टी निराळी होती. केतकरांनी समूहाचे दार पाहिले. आत कोण येऊ शकतो आणि बाहेर कोण जाऊ शकत नाही, यावरून त्यांनी समूह ओळखला.

या व्याख्येची पहिली कसून तपासणीही एका मराठी माणसानेच केली. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. केतकरांनी जातीकडे सुटी वस्तू म्हणून न पाहता संपूर्ण व्यवस्थेच्या संदर्भात पाहिले, याबद्दल आंबेडकरांनी त्यांना श्रेय दिले. त्याचबरोबर त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे ही वास्तविक एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हेही दाखवून दिले. बाहेर विवाह बंद केला की जन्माशिवाय प्रवेश आपोआपच बंद होतो. इतकेच नव्हे, तर ही दारे एकामागून एक बंद कशी झाली याचा उलगडा करताना आंबेडकरांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या सिद्धान्ताचा आधार घेतला. वरच्या समूहाने दार लावले, ते पाहून खालच्यांनीही लावले. मनोवृत्ती एका समूहातून दुसऱ्यात कशी पसरते, याचाच हा अभ्यास होता.

केतकर १९१२ मध्ये स्वदेशी परतले. काही काळ त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. नोकरीत राहते तर आयुष्य सुखाने गेले असते. परंतु त्यांच्या मनाने वेगळेच घेतले. मराठीत एक संपूर्ण ज्ञानकोश रचायचा! १९१५ च्या सुमारास त्यांनी हे काम अंगावर घेतले. पाठीशी सरकार नव्हते, संस्थानिकाची तिजोरी नव्हती. विद्वानांना वाटे की असे ग्रंथ इंग्रजीत असताना मराठीत कशाला, आणि सामान्य माणसाला वाटे की ज्ञानकोश घेऊन आपण करायचे काय. असा माल, ज्याची बाजारात मागणीच नाही, तो खपवायचा कसा?

येथे वाणिज्य विद्यार्थ्याने विशेष लक्ष द्यावे. केतकरांनी देणग्या गोळा करण्याऐवजी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली. महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ प्रथम नागपूरला स्थापन झाले व पुढे काम पुण्यास आले. भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले, लेखक व साहाय्यक यांच्यात कामाची वाटणी केली. देणगी देणारा पैसे देऊन मोकळा होतो. भागधारक आणि आगाऊ वर्गणीदार मात्र त्या कामाशी बांधला जातो. आपल्या गावातील चार माणसांनी नाव घातले आहे, हे पाहून पाचवाही घालतो. केतकरांनी ग्रंथ निघण्याआधी त्याचा समूह निर्माण केला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

या युक्तीमागचे तत्त्व पुढे प्रयोगाने सिद्ध झाले. कुर्ट लेविन हे जर्मनीतून आलेले मानसशास्त्रज्ञ १९३३ ते १९३५ या काळात केतकरांच्याच कॉर्नेल विद्यापीठात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी त्यांनी अमेरिकन गृहिणींवर एक प्रयोग केला. प्राण्यांचे यकृत, हृदय यांसारखे न रुचणारे मांस स्वयंपाकात वापरण्यास त्यांना प्रवृत्त करायचे होते. काही गटांना उत्तम व्याख्यान दिले. काही गटांना आपापसांत चर्चा करून निर्णय घेऊ दिला. व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी ते मांस वापरले, तर चर्चा करणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांनी. म्हणजे वक्तृत्वापेक्षा समूहाच्या निर्णयात बळ अधिक.

ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० ते १९२९ या दहा वर्षांत प्रसिद्ध झाले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे असून पुढे अकारविल्हे विषय येतात. याच कामात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी नंतर महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध केला. मंडळ हे एक प्रकारचे विद्यालयच ठरले.

समूहाच्या बंद दाराचा प्रश्न केतकरांच्या घरीही उभा राहिला. लंडनमध्ये त्यांचा परिचय एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी झाला होता. १९२० साली त्यांचा विवाह झाला. व्रात्यस्तोम या प्राचीन विधीने तिला हिंदू धर्मात घेण्यात आले व ती शीलवती केतकर झाली. जातीत जन्मानेच प्रवेश मिळतो असे ग्रंथात लिहिणाऱ्या माणसाने जुन्याच परंपरेतून एक विसरलेली वाट शोधून काढली. पुढे कादंबऱ्या लिहितानाही त्यांनी हाच प्रश्न हाती धरला. १९३० च्या ‘ब्राह्मणकन्या’ या कादंबरीत मिश्र घराण्यातील मुलीला समाज कोठे बसवतो, हे त्यांनी निर्भयपणे दाखविले आहे. त्यांच्या कादंबऱ्यांत कलेचा रेखीवपणा कमी, पण विचारांची खळबळ मोठी आहे.

१९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू भाषिक ज्या राज्यात शेजारी राहत होते, तेथे हा मान मिळाला हे उचितच झाले. मान मिळाला, पण धन मिळाले नाही. शेवटची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. शीलवतीबाईंनी पुढे आपल्या आठवणी मराठीतच लिहिल्या.

जमाखर्चाच्या वहीत पाहिले तर केतकरांचा व्यवहार तोट्याचा दिसेल. परंतु ज्या भाषेत एवढा ग्रंथ खपणार नाही असे शहाणे म्हणत होते, त्या भाषेत तो निघाला, विकत घेतला गेला आणि आज संगणकावरही वाचला जातो. ही मत्ता कोणत्या रकान्यात मांडायची, हे आपले लेखाशास्त्र सांगत नाही.

आपल्या या अंकातही मराठी आणि कन्नड असे दोन विभाग एकाच बांधणीत आहेत. बहुतेक जण आपला विभाग वाचून अंक मिटतात. दार कोणी लावलेले नाही, तरी ते बंदच राहते. केतकरांच्या शास्त्राचा अभ्यास करायला आपल्याला अमेरिकेस जाण्याची गरज नाही. पलीकडच्या विभागातील एक लेख वर्गमित्राकडून समजावून घेतला आणि आपला एक त्याला समजावून दिला, तर सुरुवात येथेच होईल.