इरावतीबाई कर्वे यांचें बर्लिन येथील विद्यार्जन

शालान्त परीक्षा जवळ आली म्हणजे पुढें काय शिकावें हा प्रश्न आमच्या राजूर गांवीं घरोघर निघतो. कोळशाच्या खाणी व चुन्याच्या भट्ट्या यांच्या सान्निध्यांत वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस परदेश, परकी भाषा व तेथील विद्यापीठें हीं फार दूरचीं वाटतात. आणि मुलीचा प्रश्न असला तर पालकांचें मन अधिकच कचरतें. म्हणून विदुषी इरावतीबाई कर्वे यांच्या चरित्रांतील एक भाग वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

इरावतीबाईंचा जन्म ता. १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांत झाला. वडील गणेश हरि करमरकर हे तेथें नोकरीस होते. त्या देशांतील इरावती नदीवरून मुलीचें नांव ठेवण्यांत आलें. सातव्या वर्षीं तिला शिक्षणासाठीं पुण्यास हुजूरपागेच्या शाळेंत पाठविलें. तेथें रँग्लर परांजपे यांच्या घरीं तिला दुसरें माहेरच लाभलें. फर्ग्युसन कॉलेजांतून १९२६ सालीं तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या व पुढें मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखालीं १९२८ मध्यें एम्. ए. झाल्या.

यापूर्वींच महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशीं त्यांचा विवाह झाला होता. दिनकरराव स्वतः जर्मनींत रसायनशास्त्र शिकून आलेले. पत्नीनेंही तेथें जावें, अशी त्यांची इच्छा होती. परंतु ज्या महर्षींनीं स्त्रीशिक्षणास आयुष्य वाहिलें, त्यांना सुनेचें हें परदेशगमन पसंत पडलें नाहीं. तथापि पतिपत्नींचा निश्चय ढळला नाहीं. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज काढून १९२८ सालीं इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तेथें ऑयगेन फिशर हे मानववंशशास्त्राचे विख्यात आचार्य त्यांना गुरु म्हणून लाभले. व्याख्यानें जर्मन भाषेंत, ग्रंथ जर्मन भाषेंत आणि प्रबंधही त्याच भाषेंत लिहावयाचा! ती भाषा आत्मसात् केल्यावांचून एक पाऊलही पुढें पडणें शक्य नव्हतें. विषय होता मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंमधील विषमतेचा. युरोपीय लोक बुद्धीनें श्रेष्ठ आहेत आणि त्याची खूण त्यांच्या कवटीच्या विषमतेंत दिसते, असा गुरूंचा तर्क होता. निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजून शिष्येनें तो पडताळावयाचा होता.

इरावतीबाईंनीं मापें घेतलीं, कोष्टकें मांडलीं आणि त्यांना आढळलें तें निराळेंच. कवटीची विषमता सर्वच मानवांत असते. तिचा वंशाशीं कांहीं संबंध लागत नाहीं. आतां खरी कसोटी आली. पदवी गुरूंच्या हातीं, डोक्यावर कर्ज, घर हजारों मैल दूर. गुरूंना रुचेल असें लिहिलें असतें तर मार्ग सुकर झाला असता. परंतु त्यांनीं जें मोजलें तेंच लिहिलें. १९३० सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढें १९३३ मध्यें जर्मनींत नाझी राजवट आली. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेनें लाखों निरपराध जीवांचा बळी घेतला आणि फिशर यांची विद्या त्या राजवटीच्या कामीं आली. हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या तरुण विद्यार्थिनीच्या प्रांजळपणाचें मोल कळतें.

स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं कांहीं वर्षें महिला विद्यापीठाच्या कुलसचिवाचें काम केलें व १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत अध्यापन केलें. मराठी वाचकांस त्या ‘परिपूर्ति’ व ‘युगान्त’ या ग्रंथांमुळें विशेष परिचित आहेत. ‘युगान्त’ या ग्रंथास १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ता. ११ ऑगस्ट १९७० रोजीं त्यांचें निधन झालें.

विद्यार्थिमित्रहो, परकी भाषा शिकावयाची ती केवळ मिरविण्यासाठीं नव्हे. त्या भाषेंत जें सांगितलें जातें तें पारखून घेण्याचें आणि न पटलें तर त्याच भाषेंत नम्रपणें नाहीं म्हणण्याचें सामर्थ्य तिच्यामुळें येतें. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलीनें दूरची वाट मागितली तर नकार देण्यापूर्वीं या चरित्राचें एकवार स्मरण करावें.